न पोचणाऱ्या गाडीचा गाडीवान

सिरसाळ्याच्या शहादेवला सिनेमात घेतलं ही बातमी गावात आधी पसरली आणि शहादेवला स्वतःला नंतर कळली. बाजाराच्या दिवशी तो आपले दोन बैल घेऊन नुसताच उभा होता. विकायचे नव्हतेच. पण कुणी येऊन हरण्याच्या पाठीवरून हात फिरवावा, लखनचे दात बघावेत, चार शब्द बरे बोलावेत, एवढ्यावर त्याचा आठवडा बरा जायचा. त्या दिवशी दाढीवाला एक पोरगा आला आणि बैलांकडे ढुंकूनही न बघता शहादेवच्या तोंडाकडेच टक लावून उभा राहिला. शहादेवला राग आला तो इथंच.

"येवढे देखने बैल सोडून हे बेनं माझं थोबाड बघतंय," असं तो शेजारच्या धोंडीरामला म्हणाला, पोराला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

पोरगा अंबाजोगाईचा, नाव अंगद. पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकून आला होता आणि आता आपल्याच मुलखात आपला पहिला सिनेमा काढणार होता. त्याला असा गाडीवान हवा होता, ज्याच्याकडे बघून वाटावं की हा माणूस निघालाय म्हणजे पोचणारच. माणूस त्यानं बरोबर हेरला होता, पण त्याच्याकडून काम मात्र उलटं करून घ्यायचं होतं.

शहादेवची उभी हयात टायरगाडीवर गेली. दसरा झाला की बायको सुभद्राबाई, एकुलती लेक मंजुषा, तवा, परात, कोयते आणि बैल असं सगळं बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्याचा मुलूख गाठायचा आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचं. फडातून ऊस भरायचा, कारखान्यावर नेऊन टाकायचा, पुन्हा फडात. टायर फुटो, बैल बसो, गाड्यांची रांग मैलभर लागो, भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेल्याशिवाय शहादेव मागं फिरला नाही. बरोबरची माणसं त्याला चिडवायची, की याच्या घराला आग लागली तरी हा आधी ऊस पोचवून येईल. आता गुडघे बोलायला लागले होते, फड सुटला होता, आणि जो तो सांगत होता की अण्णा, आता बसून खावा. बसून कसं खायचं हे त्याला कधी कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळं गाडी जुंपायला कुणीतरी बोलवतंय म्हटल्यावर त्याचा राग फार वेळ टिकला नाही.

अंगदनं ओट्यावर बसून त्याला गोष्ट सांगितली. "एका म्हाताऱ्याच्या लेकीला मूल झालंय. लेक बीडमध्ये. म्हातारा गाडीत पाळणा घालून तिच्याकडं निघतो. पण शहर त्याला पोचू देत नाही. डावीकडं वळा म्हणतात, वळला की पुन्हा त्याच वेशीत. एक मिरवणूक आडवी येते, ती संपतच नाही. एका खिडकीवर त्याला पाळण्याचा दाखला मागतात. शेवटी पुलावर गाडी उभी राहते आणि सिनेमा संपतो."

"आन् पोचतो कवा?"

"पोचत नाही, अण्णा."

"कावून?"

"तेच तर दाखवायचंय."

शहादेवनं फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं. "पोचायचंच नसंल तर जुंपायची कशाला? न पोचनारे लोक मी तुला हितंच धा दाखवतो, बसल्या जागी."

अंगद पोट धरून हसला आणि ठरलं. शहादेवनं दोन दिवस खपून बैलांची शिंगं हिंगुळानं लालभडक रंगवली. सुभद्राबाईनं त्याचा फेटा गुलाबी रंगात बुडवून काढला. टेम्पो घेऊन अंगद न्यायला आला तेव्हा त्यानं हा थाट बघितला आणि चाचरत सांगितलं की सिनेमा काळा-पांढरा आहे.

"म्हंजे रंगच न्हाई?"

"नाही."

"आमच्याकडं पैला टीवी आलता तो तसाच होता," शहादेव म्हणाला. "पुढं सुदारला."

सुभद्राबाईचं दुखणं मात्र वेगळं होतं. टेम्पोत चढवलेला लाकडी पाळणा बघून ती दारातच उभी राहिली. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि त्या आईला तिच्या आईनं. आणि इथं तर तो शहरभर हलत जाणार होता. "लेक तितंच ऱ्हाती आपली," ती हळूच म्हणाली. "काय तरी घाला त्यात." मग तिनंच भाकरी आणि ठेचा आपल्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्यात बांधला, ते गाठोडं पाळण्यात ठेवलं आणि वर लुगड्याचा पदर नीट खोवला. आता पाळणा रिकामा नव्हता. अंगदलाही ते आवडलं, का ते त्यानं सांगितलं नाही.

मंजुषा खरोखरच बीडमध्ये राहत होती, नदीपलीकडं पेठ बीडमध्ये. नवरा नाथा गॅरेजमध्ये काम करायचा, स्वभावानं गाईसारखा. मंजुषा घरी ब्लाउज शिवायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले, पुढं राहिलेच नाहीत. आणि जुन्या वळणाच्या माणसांचा रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. शहादेवनं तो पाळला होता. बीडला गेला की तो लेकीकडं जायचा, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायचा. मंजुषा भरलेला पेला समोर ठेवायची. तो गप्पा मारायचा, जावयाची चौकशी करायचा, आणि पेल्याला हात न लावता उठायचा. पुढं ओठ सुकवत बसणं नको म्हणून त्यानं जाणंच कमी केलं. लेक बोलली नाही कधी, पण दिवाळीला आली की बापाशी जरा परक्यासारखी वागायची. त्याला ते खुपत होतं. त्यावर काय करावं हे मात्र त्याला सुचत नव्हतं, कारण पाणी प्यायलं तर त्याचा एकच अर्थ होता, की बापानं आशा सोडली. ते तिला कळू द्यायची त्याची छाती होत नव्हती. या खेपेला तर तो बीडमध्ये आलाय हेही त्यानं तिला सांगितलं नाही. सिनेमाच्या मंडळींबरोबर एका मंगल कार्यालयात तो मुक्कामाला राहिला.

काम सुरू झालं आणि अंगदच्या लक्षात आलं, की त्याच्या गोष्टीला बीडची माणसं बधत नाहीत. माळीवेशीत शहादेवनं चेहरा पाडून विचारलं, "दादा, दगडी पुलाकडं कसं जावं?" ज्याला चुकीचा रस्ता सांगायचा होता त्या नटानं तोंड उघडायच्या आत चहाच्या गाड्यावरून बजरंग नावाचा माणूस किटली घेऊनच धावत आला. "आजोबा, त्याचं ऐकू नका, त्याला काय ठाव न्हाई. हे असं सरळ घ्या, तितून गाडी आरामात लागंल." कॅमेरा थांबवला, बजरंगला समजावलं, पुन्हा सुरू केलं, तर रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी लावून बैलगाडीला वाट करून दिली. एका बाईनं बैलांसाठी पाण्याची बादली आणली. दाखला मागणाऱ्या खिडकीपुढं तर बघ्यांनी त्या नटाला असा काही दम भरला, की बिचारा खिडकी लावून आत बसला. म्हाताऱ्याला वाट चुकू द्यायला गावात कुणी तयारच नव्हतं. अंगद डोक्याला हात लावून फुटपाथवर बसायचा आणि शहादेव त्याची समजूत घालायचा, की होतंय बाबा, उद्या चुकू.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी गाडी नदी ओलांडून पलीकडं नेली. म्हातारा कुठूनही वळला तरी त्याच एका गल्लीत येतो, असं आज दाखवायचं होतं. अंगदनं शोधलेली गल्ली अरुंद, तोंडाला पिठाची गिरणी. गाडी आत वळली आणि शहादेवच्या हातातला कासरा सैल पडला. गल्ली मंजुषाची होती.

अंगदला हे माहीत असायचं कारण नव्हतं आणि शहादेवला सांगायला वेळ मिळाला नाही. पहिल्या फेरीला मंजुषाचं दार बंद होतं. तेवढ्यावर निभावेल असं त्याला वाटलं. दुसऱ्या फेरीला घुंगरांच्या आवाजानं बाया बाहेर आल्या. गिरणीवाली वनमाला पुढं झाली. ती शहादेवला ओळखत होती. गाडी, गाडीत पाळणा, पाळण्यात लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी, वर खोवलेला पदर. कॅमेरा तिला दिसलाच नाही. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"अगं मंजू," तिनं दारावर थाप मारली, "बाहेर ये की. तुझ्या बापानं लेकरू आणलंय तुझ्यासाठी. कुनाचं आणलं हो अण्णा? भावकीतलं का?"

मंजुषा दारात आली. हातात कात्री तशीच होती. तोवर वनमालानं चालत्या गाडीला धरून पाळण्यात हात घातला होता आणि पदर बाजूला केला होता. वाळून कडक झालेल्या भाकरी निघाल्या. आधी ती खुळ्यासारखी बघत राहिली, मग हसली, मग सगळी गल्ली हसली. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, माणसं चुकीवर हसतात तसंच ते होतं. कुणीतरी कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. मंजुषाही हसली. "पिच्चर हाय काकू," ती म्हणाली. मग तिनं बापाकडं बघितलं.

"चालू द्या अण्णा, गाडी चालू द्या," मागून अंगद ओरडत होता. त्याला कधी नव्हे ते हवं तसं मिळालं होतं. आणि शहादेवनं, जन्मभराच्या सवयीनं, गाडी चालू दिली. लेकीच्या दारावरून, तिच्या डोळ्यांदेखत तो पाळणा हलवत पुढं गेला.

कोपऱ्यावर वळल्यावर त्याला दिसेनासं झालं. फेट्याच्या शेवानं त्यानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. तिसऱ्या फेरीसाठी गाडी परत गल्लीच्या तोंडाशी उभी करायची होती. अंगद खुशीत धावत आला आणि त्याचा चेहरा बघून थांबला.

"लेकीचं घर हाय ते माझ्या," शहादेव म्हणाला. "तिला लेकरू न्हाई."

काम थांबवायला अंगदनं हात वर केला. तोवर शहादेवनं हरण्याच्या पाठीवर हात मारला होता. गाडी गल्लीत शिरली, गिरणीपाशी आली, मंजुषाच्या दाराशी आली आणि थांबली. शहादेव खाली उतरला. त्यानं जूच्या शिवळा, बैलांच्या मानेलगतच्या खुंट्या, काढल्या, बैल सोडले आणि विजेच्या खांबाला बांधले. गाडीवानानं बैल सोडले म्हणजे मुक्काम आला. हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अंगदलाही कळलं. त्यानं कॅमेऱ्यावर कापड टाकलं आणि माणसांना घेऊन तो गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसला.

मंजुषा दारातून बाजूला झाली. शहादेव आत जाऊन नेहमीच्या जागी भिंतीला टेकला. शिलाई मशीनवर कुणाचा तरी निळा ब्लाउज अर्धा शिवून पडला होता. ती आत गेली, पेला भरून आणला आणि समोर ठेवला. तिच्या वागण्यात राग नव्हता. तीच सवय दोघांनाही लागली होती.

"आलते तर सांगायचं," ती म्हणाली.

"चुकलं माझं, पोरी. हितं आनत्यात हे ठाव नव्हतं मला. तुझ्या मायनं ते गठुडं ठेवलतं, पाळना रिकामा हलू नये म्हनून."

"मायचं काय चुकलं न्हाई." तिनं मशीनवरचे दोरे गोळा केले, पुन्हा सोडले. "तुमी गेले की हे पानी मी तुळशीत ओतते, आण्णा. तुमच्यासाठी भरलेलं असतं, मला ते पिववत न्हाई. दर बारीला वाटतं, आता तुमी उचलताल. माझ्या घरात तुमी तहानलेले बसतेत, आन् मला वाटतं मी कोनी न्हाईच. लेकरू झालं तरच हे घर, न्हाईतर न्हाई."

एवढं ती कधी बोलली नव्हती. शहादेव ऐकत होता. इतकी वर्षं तो समजत होता, की आपण तिची आशा जपतोय. तिच्या पदरात आपण दर खेपेला काय टाकून जात होतो, हे त्याला आत्ता दिसलं. आणि दिसल्यावर थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं पेला उचलला आणि एका दमात प्यायला. पाणी मिशांवरून गळ्यावर ओघळलं. त्यानं रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

"अजून आन. लई तहान लागली हाय."

"आण्णा," ती पेला घेत म्हणाली, "मायला काय सांगताल? लोक म्हनतील, शहादेवनं आस सोडली."

"म्हनू दे. मला तू पायजे व्हतीस. तू हायस." मग तो म्हणाला, "भाजी काय केलीस?"

वांग्याची होती. मंजुषा रडत होती आणि वाढत होती. गाडीतलं गाठोडंही आत आलं. गॅरेजातून नाथा धावत आला तो दारातच थबकला. सासरा ताटावर बसलेला बघून तो बाहेर जाऊन पाय धुवायच्या निमित्तानं बराच वेळ उभा राहिला. नंतर मंजुषानं अंगदलाही बोलावलं. तो मान खाली घालून जेवला. जेवता जेवता म्हणाला, "ताई, ही गल्ली मी सिनेमात ठेवणार नाही." ती म्हणाली, "नगाच ठेवू."

दुसऱ्या दिवशी दगडी पुलावर शेवटचं काम झालं. गाडी पुलाच्या मध्यावर उभी करून शहादेवनं नुसतं बसून राहायचं होतं. पुलावर गाडी थांबवायच्या नावानं तो पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता. आज मात्र एका शब्दानं कटकट न करता तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नदीकडं बघत, अंगद पुरे म्हणेपर्यंत. काल तो पोचला होता, त्यामुळं आज थांबायला त्याची हरकत नव्हती.

घरी येऊन त्यानं सुभद्राबाईला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. बरेच दिवस ती बोलली नाही. भाकरी वाढायची, आंघोळीचं पाणी काढून ठेवायची, पण शब्द नाही. देवापुढं तिनं नातवासाठी काय काय बोलून ठेवलं होतं ते तिलाच माहीत. नवऱ्यानं एका पेल्यानं ते सगळं मोडलं असं तिला वाटत होतं, आणि वाटलं तर तिचं चुकलं असं कुणी म्हणू नये. शहादेवनंही तिला समजावलं नाही. तो आपला बैल धूत बसायचा.

सिनेमा तयार झाला तेव्हा अंगदनं तो आधी सिरसाळ्यात दाखवला, बाजारतळावर पडदा लावून. दिवस मावळल्याबरोबर सगळं गाव जमलं. मंजुषा आणि नाथा बीडहून आले होते. मंजुषा आईशेजारी बसली, दोघींच्या मधे वीतभर जागा होती. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या शहादेवला बघून आधी शिट्ट्या झाल्या, मग माणसं हळूहळू गप्प झाली. गाडी वेशीतून आत जायची, पुन्हा त्याच वेशीतून आत यायची. मिरवणूक संपत नव्हती. पाळणा हलत होता. लोक कासावीस झाले. "आरं डावीकडं घे," कुणी पडद्याला सांगत होतं. शेवटी पूल आला, गाडी थांबली, म्हातारा नदीकडं बघत बसला आणि उजेड गेला.

क्षणभर कुणालाच ते पटलं नाही. मग धोंडीराम उठला. त्याचा आवाज खरंच दुखावल्यासारखा होता.

"आरं शहादेव, येवढा हिंडलास बे, लेकीच्या घरी पोचला का न्हाईस?"

माणसं वळून शहादेवकडं बघायला लागली. पलीकडं अंगद उभा होता, त्यानं काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण शहादेव आधीच गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला होता. त्यानं बायकोकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित त्याला बोलता आलं नसतं.

"पोचलो की," तो म्हणाला. "पोचलो, बैल सोडले, तिच्या घरी पोटभर पानी पेलो. जेवलो बी."

मंजुषाला मूल नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि म्हातारा काय बोलला हेही प्रत्येकाला समजलं. धोंडीराम हळूच खाली बसला. मंजुषा मान खाली घालून पायाशी बघत होती.

तेव्हा सुभद्राबाईनं पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती लेकीला म्हणाली, "पुढच्या आयतवारी मी येते गं तुझ्याकडं. मी बी जेवूनच जाईन." आणि दोघींमधली ती वीतभर जागा तिनं सरकून भरून काढली.